बांधावरचं गिरिपुष्प: रोप घ्यावं, बी की खुंट?

गिरिपुष्प म्हणजे ग्लिरिसिडिया किंवा उंदीरमारी, बांधावर लावून ज्याचा पाला खत म्हणून शेतात घालतात ते झाड. रोपवाटिकेत ते मागितलं की तीन गोष्टींपैकी एक हातात पडते: पिशवीतलं रोप, पुडीत बांधलेलं बी किंवा फांदीचा खुंट. पाला तिन्हींचा सारखाच, त्यामुळे विकणारा सहज सांगतो की कुठलंही न्या, सगळं जगतं. जगतं हे खरं आहे. पण मराठवाड्यातल्या कोरडवाहू बांधावर खुंटाचं झाड आणि बियांचं झाड यांचं आयुष्य एकसारखं नसतं, आणि शेजारच्या पिकाला होणारा त्रासही एकसारखा नसतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. पाऊस ६००-८०० मिलिमीटरच्या पट्ट्यात असेल तर बियांपासून तयार केलेलं रोप घ्यावं, किंवा बी आणून घरीच पिशव्या भराव्यात. कोकणात, घाटमाथ्यावर किंवा ज्या कुंपणाला पहिला उन्हाळा पाणी देता येतं तिथे खुंट चांगला. थेट बांधावर बी टोकण्याची पद्धत मात्र कोणालाही सुचवण्यासारखी नाही. रोप बोटभर वाढेपर्यंत पावसाळी गवत गुडघ्याला लागतं आणि पहिल्याच खुरपणीत गवताबरोबर रोपही जातं.

कारण सगळं मुळांत आहे. बियांच्या झाडाला सोटमूळ असतं, ते सरळ खाली उतरतं. खुंटाला सोटमूळ येतच नाही, त्याची मुळं वरच्या थरात आडवी पसरतात. नेमक्या त्याच थरात सोयाबीनची, बाजरीची, हरभऱ्याची मुळं असतात. म्हणजे ज्या झाडाने पिकाला खत द्यायचं तेच झाड पिकाशी ओलाव्यासाठी भांडतं. वादळी वाऱ्यात आडवी पडणारी झाडंही बहुतेक खुंटाचीच असतात.

पिशवीतलं रोप

तयार रोप घ्यायचं असेल तर दहा ते बारा आठवड्यांचं, फूट-दीड फूट उंचीचं, पेन्सिलीइतक्या जाड खोडाचं घ्यावं. तीन फुटी रोप बघून हरखून जाऊ नये. चार बाय सहा इंचांच्या पिशवीत तेवढी वाढ झाली याचा अर्थ मूळ तळाशी गोल गोल फिरत राहिलं आहे. असं वेटोळं झालेलं मूळ जमिनीत गेल्यावरही सरळ होत नाही, आणि मग रोपाचा खुंटापेक्षा जो एकमेव मोठा फायदा, तोच हातचा जातो.

पारख करायला एक पिशवी ब्लेडने उभी चिरून बघावी. शंभर रोपं घेताना एका रोपाचे पैसे गेले तरी बिघडत नाही. मातीचा गोळा न फुटता हातात राहिला पाहिजे आणि कडेने पांढरी बारीक मुळं दिसली पाहिजेत. त्या मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान गाठी असतात. एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-तांबूस रंग असेल तर गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र (नायट्रोजन) बांधायला लागले आहेत. गाठ आतून पांढरट किंवा हिरवट असेल तर अजून काम सुरू नाही किंवा संपलं आहे. गाठीच नसतील तर रोप वाया गेलं असं नाही, पण लावताना जुन्या गिरिपुष्पाच्या बुंध्याजवळची ओंजळभर माती खड्ड्यात टाकावी.

दुसरी गोष्ट वाफ्यात बघायची. पिशव्या उघड्या मातीवर मांडलेल्या असतील तर मूळ भोकातून बाहेर पडून जमिनीत घुसतं. पिशवी उचलताना टचकन आवाज येतो, तो मूळ तुटल्याचा. असं रोप त्या दिवशी टवटवीत दिसतं आणि लावल्यावर दोन-तीन दिवसांत मान टाकतं. खाली प्लास्टिक कागद अंथरलेल्या किंवा पिशव्या अधूनमधून हलवणाऱ्या रोपवाटिकेतून रोप घ्यावं, चार पैसे जास्त पडले तरी.

बी

पैशाच्या हिशेबात बीच सरस. एका किलोत साधारण सात-आठ हजार बिया बसतात, म्हणजे एकराच्या बांधाला लागणारी पाचशे रोपं करायला शंभर ग्रॅम बी पुरतं. गिरिपुष्पाच्या बियांना गरम पाण्याची किंवा आम्लाची प्रक्रिया लागत नाही. रात्रभर साध्या पाण्यात भिजवलं की पुरे.

अडचण ताजेपणाची. घरात नेहमीच्या तापमानाला ठेवलेल्या बियांची उगवण वर्षभरात ढासळते, आणि पुडीवर तोडणीचा महिना क्वचितच लिहिलेला असतो. ताजं बी चपटं, गोलसर, पिवळट-तपकिरी आणि चकचकीत असतं, जुनं होत जाईल तसं काळपट पडतं. पिशव्या भरण्याआधी २० बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्यात. दहा-बारा दिवसांत सोळाहून कमी बियांना मोड आले तर प्रत्येक पिशवीत दोन बिया टाकाव्यात, दहाहून कमी बियांना मोड आले तर बी परत करावं.

पिशवीसाठी दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. बी बोटाच्या अर्ध्या पेराहून खोल जाऊ देऊ नये. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलं तर जूनअखेर-जुलैत लावायला रोप तयार होतं. फेब्रुवारीत घाई केली तर रोप पिशवीत म्हातारं होतं. शेवटचे पंधरा दिवस सावली काढून पाणी कमी करावं, नाहीतर बांधावरच्या उन्हात रोप करपतं.

खुंट

चांगला खुंट कसा ओळखावा? तीन ते पाच फूट लांब, अंगठ्यापेक्षा जाड पण मनगटापेक्षा बारीक, साल हिरवट-तपकिरी आणि तिच्यावर पांढरे ठिपके. फांदी निदान सहा-सात महिन्यांची हवी. कोवळी हिरवी फांदी कुजते. तोडल्यावर दोन-चार दिवसांत लावायला हवी, पण बाजारात आलेला गठ्ठा किती दिवसांचा आहे ते कळायला मार्ग एकच: टोकाला नखाने साल खरवडावी. खाली ओलसर हिरवं दिसलं तर घ्यावा, पिवळं-कोरडं दिसलं तर तो सरपणाच्या लायकीचा.

बुडाचा काप तिरका आणि शेंड्याचा सरळ ठेवला की कुठली बाजू खाली हे मजुराला सांगावं लागत नाही. गठ्ठ्यात उलटसुलट झालेले खुंट उलटे लागतात आणि ते रुजत नाहीत. तळाच्या वीतभर भागात सालीला तीन-चार चिरा दिल्या तर तिथूनही मुळं फुटतात. निदान फूटभर खुंट जमिनीत जावा. पहारीने आधी भोक पाडावं, खुंट ठोकून बसवू नये, ठोकताना बुडाची साल सुटते. माती पायाने घट्ट दाबावी. पोकळी राहिली तर त्यात पाणी साचून बूड कुजतं, आणि कोरड्या मुरमाड जमिनीत वाळवी लागते.

खुंटाला दोन महिन्यांत भरघोस पालवी फुटते आणि लावणारा खूश होतो. ती पालवी बऱ्याचदा खुंटात साठलेल्या अन्नावर आलेली असते, खाली मुळं धरलेली असतीलच असं नाही. खरी परीक्षा मार्च ते मे. त्यामुळे खुंटांची मर पुढच्या जूनमध्ये मोजावी, सप्टेंबरमध्ये नाही.

लागवड

बांधावर दीड-दीड फुटावर, एक बाय एक बाय एक फुटाचा खड्डा पुरतो. प्लास्टिकची पिशवी काढूनच रोप लावायचं. हे लिहावं लागतं, कारण मजुरीवर लावलेल्या बांधांवर पिशवीसकट पुरलेली रोपं सर्रास सापडतात. सामाईक बांध असेल तर मधोमध न लावता आपल्या बाजूच्या उतारावर लावावं, आणि लावण्याआधी शेजाऱ्याच्या कानावर घालावं. पाणी साचणाऱ्या बांधाला हे झाड लावूच नये, पाय ओले राहिलेले त्याला अजिबात सोसत नाहीत. जांभ्या आंबट जमिनीपासून निचऱ्याच्या काळ्या जमिनीपर्यंत बाकी सगळं चालतं.

पाला किती, खत किती

या झाडाबद्दल सर्वांत जास्त फुगवून सांगितलं जातं ते इथे. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने पाणलोट क्षेत्रांतल्या कामावरून दिलेला ठोकताळा असा की हेक्टरमागे ७०० मीटर बांध गिरिपुष्पाखाली असेल तर वर्षाला सुमारे ३० किलो नत्र पाल्यातून मिळतं. आता एकराचा हिशेब करू. चौरस एकराची चारी बाजूंची लांबी अडीचशे मीटरच्या आसपास. दीड फुटावर पाचशे झाडं. जम बसलेलं, नियमित छाटलेलं झाड वर्षाला साडेतीन किलोच्या घरात ओला पाला देतं असं धरलं तर पावणेदोन टन. ओल्या पाल्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. टनभर ओल्या पाल्यातून साधारण सहा किलो नत्र मिळतं, म्हणजे पावणेदोन टनांतून साडेदहा किलो. युरियाच्या भाषेत तेवीस किलो, अर्धी गोणी.

युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानामुळे २६६ रुपयांच्या आसपास मिळते. म्हणजे वर्षभराच्या पाल्यातल्या नत्राची किंमत दीडशे रुपयेही होत नाही. एका माणसाची एका दिवसाची मजुरी त्यात सुटत नाही. "युरिया बंद करा, गिरिपुष्प लावा" असं सांगून रोपं विकणाऱ्याने हा हिशेब शेतकऱ्यापुढे मांडायलाच हवा, कारण तो लपवला की दुसऱ्या वर्षी छाटणी थांबते आणि बांधावर नुसती सावली उरते.

तरीही हे झाड लावावं असं आम्ही ठामपणे म्हणतो, ते वेगळ्या कारणांसाठी. त्याच पाल्यातून एकराला चारेकशे किलो कोरडा सेंद्रिय पदार्थ जातो, आणि तो दरवर्षी जातो, शेणखत विकत आणायला पैसे असोत वा नसोत. छाटणीनंतर झाड बारीक मुळं आणि गाठी टाकून देतं, ती जमिनीतच कुजतात. बांध फुटायचा थांबतो. शेळ्यांना चारा, चुलीला काड्या. आणि यासाठी पिकाखालची एक ओळही कमी करावी लागत नाही. तागाचं किंवा धैंच्याचं हिरवळीचं खत पाल्याच्या वजनात कितीतरी पुढे आहे, पण त्याला शेत दीड महिना अडकवावं लागतं, आणि कोरडवाहू शेतात तो दीड महिना म्हणजे खरीपच.

स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) बाबतीत मात्र आशा ठेवू नये. पाल्यात ते नगण्य आहे. तुरीला, सोयाबीनला स्फुरद लागतं ते दुसरीकडूनच द्यावं लागेल.

कोयता कधी आणि कसा

खरेदी कितीही चांगली झाली तरी झाड उपयोगी पडतं की उपद्रवी ठरतं ते छाटणीवर अवलंबून. पहिल्या पावसाळ्यात हात लावू नये. दुसऱ्या जूनमध्ये बुंधा अंगठ्याएवढा झाला असेल तर जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर पहिला काप. त्याहून खाली कापलं तर फुटवे गवतात दबतात आणि शेळ्यांच्या तोंडाशी येतात.

त्यानंतर वर्षाला तीन छाटण्या. जूनमध्ये पेरणीआधी, हा पाला वखराने मातीत मिसळायचा. ऑगस्टमध्ये, हा ओळींच्या मधे आच्छादन म्हणून टाकायचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रब्बीच्या पेरणीला. शेवटची छाटणी टाळली जाते आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. न छाटलेलं झाड जमिनीतला परतीच्या पावसाचा ओलावा हरभऱ्याच्या आधी ओढतं, आणि थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे दक्षिण बांधावरच्या झाडांची सावली दुपारभर शेतातच पडते. दोन महिन्यांच्या आत पुन्हा पुन्हा छाटलं तर खोडातला साठा संपून झाड मरतं. हव्यासापायी जूनमध्ये आणि लगेच जुलैमध्ये कापलेली झाडं तिसऱ्या वर्षी विरळ होतात.

काप खालून वर मारावा. वरून खाली मारलेला कोयता फांदी तोडतो पण जाताना सालीची पट्टी सोलून नेतो, आणि त्या उघड्या लाकडातून कूज आत शिरते. काप तिरका हवा, पाणी ओघळून गेलं पाहिजे. बोटाएवढ्या फांद्यांना सिकेटर (छाटणीची कात्री) वापरली तर काम सावकाश होतं पण खुंटाचं तोंड स्वच्छ राहतं.

पाला त्याच दिवशी शेतात पसरावा. बांधावर ढीग राहिला तर तो तापतो, काळा पडतो आणि नत्राचा बराचसा भाग हवेत जातो. पावसात हा पाला दोन-तीन आठवड्यांत विरघळल्यासारखा नाहीसा होतो. खत म्हणून हा गुण, आच्छादन म्हणून दोष. ओलावा दोन महिने धरून ठेवायचा असेल तर गिरिपुष्पाखाली उसाचं पाचट किंवा तुरीचा भुसा घालावा लागतो. नोव्हेंबरनंतर कोवळ्या फुटव्यांवर काळा मावा येतो. शेजारी वाल किंवा चवळी असेल तर तो तिकडे जातो, म्हणून मावा दिसताच ते शेंडे खुडून टाकावेत.

भातासाठी

कोकणात या झाडाचा खरा मान चारसूत्री भातलागवडीने, म्हणजे चार नियमांच्या लावणी पद्धतीने, वाढवला. त्यातलं दुसरं सूत्र गिरिपुष्पाचंच: गुंठ्याला ३० किलो हिरवा पाला, लावणीच्या आठवडाभर आधी खाचरात पसरून चिखलात तुडवायचा. हेक्टरी तीन टन म्हणजे सुमारे अठरा किलो नत्र, बाकीचं युरिया-डीएपीच्या ब्रिकेटमधून (दाबून केलेल्या गोळ्यांमधून). हे प्रमाण वास्तवाला धरून आहे, म्हणून ते टिकलं.

जूनच्या एका छाटणीत झाडाला दीड किलो पाला धरला तर एका गुंठ्याला वीस झाडं लागतात. ती खाचराच्या ठेंगण्या बांधांवर लावता येत नाहीत, तिथे पायाशी पाणी असतं. कुंपण, वरकसाची (भाताच्या खाचरांबाहेरच्या उंच जमिनीची) कड, पायवाटेची बाजू इथे लावावीत, आणि खाचरापासून लांब लावू नयेत. डोक्यावरून पाला वाहायचं अंतर वाढलं की तो जात नाही, एवढं साधं आहे. पाला ओरबाडून पानंच टाकावीत. अंगठ्याएवढ्या काड्या चिखलात गेल्या तर लावणी करणाऱ्यांच्या बोटांना आणि पायांना लागतात.

चारा म्हणून आणि इतर झाडांच्या तुलनेत

ताज्या पाल्याला उग्र वास असतो, त्यामुळे गाईबैल सहसा तोंड लावत नाहीत. दिवाळीनंतर जनावरं मोकळी सोडणाऱ्या गावांत हा मोठा फायदा. सुबाभळीचं रोप तिथे जगतच नाही, आणि जगलं तर बी पडून शेतभर उगवतं. शेळ्या गिरिपुष्प खातात. अर्धा-एक दिवस सुकवलेला पाला जनावरंही हळूहळू घ्यायला लागतात, मात्र एकूण चाऱ्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच द्यावा. बुरशी आलेला पाला अजिबात देऊ नये, त्याने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. घोडा, कुत्रा यांच्यासाठी हे झाड विषारी आहे, आणि उंदीरमारी हे नाव बियांच्या व सालीच्या जुन्या वापरावरूनच आलेलं आहे.

हादगा खायला देतो, पण वर्षाला तीन छाटण्या सोसून वर्षानुवर्षं उभं राहण्याची ताकद त्याच्यात नाही. पानमळ्यातली शेवरी, पांगारा यांची जागा वेगळी, ती वेलाच्या आधाराची. निव्वळ पाल्यासाठी आणि बांधासाठी गिरिपुष्पच निवडावं. ज्याच्याकडे छाटणीला माणूस नाही, जो शेत वाट्याने देऊन शहरात राहतो, त्याने मात्र हे लावू नये, त्याच्या बांधाला कडुनिंब किंवा आंबा बरा.

एकदा रोपं विकत घेतली की पुन्हा घ्यायची वेळ येऊ नये. दर पन्नास झाडांमागे एक झाड ऑक्टोबरच्या छाटणीत सोडावं. फेब्रुवारीत ते पानं गाळून गुलाबी फुलतं, एप्रिलच्या सुमारास शेंगा हिरव्याच्या पिवळट-तपकिरी होतात. त्याच आठवड्यात शेंगा काढून सावलीत गोणपाटावर पसरायच्या आणि वरून जाळी टाकायची, कारण वाळताना शेंग तडकते आणि बी कित्येक फूट लांब उडतं. निवडलेलं बी झाकणाच्या डब्यात थंड जागी ठेवून पुढच्याच एप्रिलमध्ये वापरावं, आणि उरलेलं शेजाऱ्याला द्यावं. सामाईक बांधाची दुसरी बाजू त्याचीच असते.